फुगलेल्या म्हाताऱ्याबद्दल खुलासा

प्रिय मेहुणेसाहेब,

तुम्हांला तुमच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार, आणि विनंती विशेष. (विशेष काय ते पत्राच्या शेवटी सापडेल. आधी शेवट उघडून पाहू नका, मी बरीच मेहनत घेतली आहे.) इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे या वयात जेवढं खुशाल असणं परवडतं तेवढे. तुमच्या ताईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना अजिबात नाही, त्यामुळे आपण नुसतं उतरतच राहावं असं तिचं मत झालंय. बाबांचा रक्तदाब वयाला शोभेल असा आहे. माझं वजन वाढलंय, आणि वजनमापं खात्यातल्या निरीक्षकाला ते लपवायची सोय नसते, कारण कचेरीत जिकडे वळावं तिकडे काटा. तुमची तब्येत, तुमचं दुकान, तुमचं वेळेवर जेवणं (ही चौकशी ताईची) कसं काय आहे ते कळवा. समोर असता तर सरळ अरे-तुरे केलं असतं, पण कागद पुढ्यात आला की माझा हात आपोआप 'तुम्ही' लिहितो. दुकानदारांना नोटिसा लिहून लिहून ही खोड लागली आहे, तेव्हा गैरसमज नसावा.

आजच्या काळात पत्र कशाला, असं तुम्हांला वाटेल. तर आपल्या घरच्या ग्रुपवर पुन्हा एक अक्षरही लिहायचं नाही असा मी कानाला खडा लावून घेतलाय. तुम्ही त्या ग्रुपवर आहात, बाबा आहेत, ताई आहे, मी आहे. चार माणसं, आणि त्यात एका वाक्यानं जो गोंधळ झाला तो चाळीस माणसांत झाला नसता. 'म्हातारा फुगलाय' हा माझा संदेश तुम्ही वाचलात हे मला माहीत आहे, कारण त्यावर तुम्ही अंगठा ठेवलात. इतक्या महिन्यांनी तुमच्याकडून काही आलं ते हे, एक अंगठा. त्या अंगठ्यावरून इकडे काय रामायण झालं ते मुळापासून सांगतो, म्हणजे दोष कुणाचा किती हे तुम्हांला नीट तोलता येईल.

मूळ आहे बाबांच्या फोनमध्ये. बाबा रोज सकाळी फिरायला जातात हे तुम्हांला ठाऊक आहे. फिरणं हे आपलं नाव. खरं तर ते दुकानांच्या पाट्या वाचायला जातात. आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला माणूस, त्यामुळे चुकलेली पाटी दिसली की पाय पुढे उचलत नाही. कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयवाल्यानं त्यांच्या धाकानं पाटीच बदलली आणि आता तिच्यावर नुसतं कात्रीचं चित्र काढून ठेवलं आहे. तर एक दिवस जेवायची वेळ टळली तरी बाबा परत आले नाहीत. ताईनं फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. मी एका दुकानात तपासणी करत होतो, तिथे तिनं मला फोन केला, आणि मी हातातला काटा तसाच सोडून (दुकानदाराच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता) बाबांना शोधायला निघालो. सापडले ते औषधांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर. फोन मेला होता आणि ते शांतपणे तो मांडीवर घेऊन बसले होते. चार्ज केल्यावर लागतो का बघायचं म्हणून त्या दुकानदाराला त्यांनी फोन आत लावायला दिला होता, पण त्याच्याकडची पिन बसत नव्हती, आणि पिन बसेपर्यंत घरी न जाण्याचा त्यांनी निश्चय केला होता. एवढी कसली घाई होती, ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

ताईनं त्या दिवशी फर्मान काढलं की फोन काठोकाठ भरल्याशिवाय बाबांनी उंबरा ओलांडायचा नाही. फोन तर भरून नेला तरी दोन-तीन तासांत मान टाकायचा. म्हणून मी कपाटातून माझी जुनी पॉवर बँक काढून दिली. ही वस्तू मला फार पूर्वी एका काटेवाल्या कंपनीच्या कार्यक्रमात मिळाली होती. चपटी, दिसायला देखणी, पण भरायला उशीर, रिकामी व्हायला घाई, थोडं काम केलं की अंग तापणार, आणि एकदा एका जागी ठेवली की तिथून हलवलेलं तिला खपत नसे, लगेच दिवा बंद. या गुणांमुळे ताईनं तिचं नाव 'म्हातारा' ठेवलं होतं. हे नाव आम्ही दोघांतच वापरायचो. बाबांच्या समोर हा शब्द नको, त्यांना लागेल, म्हणून आम्ही तो कटाक्षानं टाळला. म्हणजे घरात 'म्हातारा' कोण हे सगळ्यांना माहीत होतं, एका बाबांना सोडून. चांगुलपणा कुठे नेऊन घालील सांगता येत नाही.

मधल्या काळात नवी घ्यावी म्हणून मी चौकशीला लागलो. माझा स्वभाव तुम्ही जाणता. मी उशी घेतानासुद्धा तीन दुकानांतल्या उशा एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या होत्या. ओळखीच्यांकडून दोन पॉवर बँका मागून आणल्या, एक चपटी आणि एक जाड, आणि कचेरीत काट्यावर चढवल्या. दोन्हींच्या अंगावर 'दहा हजार' असंच लिहिलेलं, पण जाडीचं वजन चांगलंच भरलं. मग त्या दोन्ही भरून एकाच फोनला लावून पाहिल्या, तर दहा हजारातले फोनच्या पदरात पडले जेमतेम सहा-साडेसहा हजार. माझ्यातला निरीक्षक खवळला. मापात पाप म्हणतात ते हेच. मी मनातल्या मनात पंचनामाही लिहून ठेवला. पुढे बाजारातल्या एका चार्जरवाल्यानं समजावलं की तो आकडा आतल्या सेलचा असतो. सेलचा जोर कमी, फोनला द्यायचा तो जास्त, आणि तो वाढवण्यात नि तापण्यात मधल्या मध्ये बराच खर्ची पडतो. म्हणजे लबाडी नाही, नुसतं न सांगणं. (आमच्या खात्यात या दोहोंत फरक करत नाहीत, पण तुमच्या धंद्यावर मी बोट ठेवत नाही.) तुम्ही म्हणाल, घरचा माणूस सेलमध्येच बुडालेला असताना हे मलाच का नाही विचारलं? खरं आहे, काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण तुम्ही बाबांवर रुसलेले, बाबा तुमच्यावर, आणि मी पडलो जावई. जावयानं अशा वेळी कुठल्या बाजूचा फोन उचलावा याचा नियम अजून कुणी केलेला नाही.

आता त्या संध्याकाळकडे येतो. फर्मानाला कंटाळून बाबांनी ताईशी वाद घातला, ताईनं आवाज चढवला, बाबा खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी कामावरून आलो तर ताई हळूच म्हणाली, "बाबा फुगलेत." मी म्हटलं, होतील शांत. हातपाय धुऊन खिडकीशी गेलो, तिथे उन्हात चार्जिंगला लावलेला म्हातारा पाहिला. एरवी वहीसारखा सपाट असणारा तो मधोमध टम्म फुगला होता आणि त्याच्या कडेची फट उघडून आतली चंदेरी पिशवी डोकावत होती. असा फुगलेला सेल दाबायचा नसतो, टोचायचा नसतो, पुन्हा चार्ज करायचा नसतो, एवढं मला वाचून माहीत होतं. मी हलक्या हातानं पिन काढली, ताईच्या सगळ्यांत चांगल्या कुंडीत (रिकामी होती, तरीही तिनं अजून मला माफ केलेलं नाही) कोरडी वाळू भरली, त्यात तो ठेवला आणि कुंडी गॅलरीत नेली. आणि घरात कुणी चुकून हात लावू नये म्हणून, कर्तव्यदक्ष माणूस म्हणून, ग्रुपवर लिहिलं:

"म्हातारा फुगलाय. कुणी जवळ जाऊ नका. गॅलरीत काढून ठेवलाय. उद्या नेउन टाकतो."

पाठवून हात झटकतो न झटकतो तोच तुमचा अंगठा आला. मला तर भरूनच आलं, म्हटलं मेहुणे बोलले. लगेच त्याखाली बाबांचं उत्तर आलं. ते तुम्ही वाचलं असेलच, तरी ते जसंच्या तसं इथे देतो, कारण असं वाक्य पुन्हा पुन्हा हाती लागत नाही: "'नेऊन' यातील 'ऊ' दीर्घ. शिवाय मी गॅलरीत नसून खोलीत आहे."

मेहुणेसाहेब, मी आजवर बनावट वजनं पकडताना दुकानदारांचे चेहरे उतरलेले पाहिलेत, पण त्या क्षणी माझा उतरला तसा कुणाचाच नसेल. मी कुंडी उचलून धावत बाबांच्या दाराशी गेलो (फुगलेला सेल घेऊन धावू नये, हेही वाचलं होतं, पण तेव्हा आठवलं नाही). दार उघडलं तर बाबा खाटेवर बसलेले, मांडीवर फोन. मी कुंडी पुढे केली आणि म्हटलं, बाबा, हा म्हातारा. त्यांनी चष्मा लावून कुंडीत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "याला म्हातारा म्हणता होय तुम्ही." पुढे म्हणाले, "फुगलाय खरा." मला वाटलं आता हसतील, पण हसले नाहीत. फोन माझ्यापुढे धरून त्यांनी तो अंगठा दाखवला आणि विचारलं, "त्याला कोणता म्हातारा वाटला?"

मी छातीठोकपणे सांगितलं की हा म्हातारा त्याला माहीत आहे, ताईनं पूर्वी त्याला सांगितलंय, शिवाय तो या धंद्यातला, फुगलेला सेल त्याला नाही कळणार तर कुणाला? बाबा एवढंच म्हणाले की अंगठा दाखवणं याचा आपल्या भाषेत एकच अर्थ होतो, तो काही बरा नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही खात्री नाही. ताईनं ते नाव तुम्हांला सांगितलं होतं की नाही हे तिलाच आठवत नाही. तेव्हा तो अंगठा ठेवताना तुमच्या मनात नक्की कोण होतं, याचा खुलासा हवाय. मला नको, बाबांना हवाय. ते मागणार नाहीत.

एक गोष्ट मात्र त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आली, ती तुमच्या कानावर घालतो. जावयानं आपल्याला गॅलरीत काढून ठेवलंय असं ज्या माणसाला क्षणभर वाटलं, त्यानं पहिलं काय केलं? दीर्घ 'ऊ' काढला. बाबा दुखावले की शुद्धलेखन काढतात. घाबरले, गहिवरले, काय बोलावं सुचेना, की शुद्धलेखन. सासूबाई गेल्या तेव्हा शेजाऱ्यांनी फळ्यावर लिहिलेली सूचना त्यांनी स्वतः खडू घेऊन दुरुस्त केली होती. तुम्ही शेजारीच उभे होतात. हे आठवा, कारण पुढचं त्यावाचून कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला जुन्या बॅटऱ्या गोळा करतात तिथे रीतसर पोचवून मी बाबांना घेऊन त्याच चार्जरवाल्याकडे गेलो. म्हटलं, तुमचं तुम्हीच निवडा, म्हणजे पुन्हा मला बोल नको. चार्जरवाला बोलका आहे. त्यानं काउंटरवर तीन नमुने मांडले. एक चपट्या पिशवीचा. हलका, खिशात मावतो, बसता-उठता टोचत नाही, पण अंगावर कवच नसल्यानं ऊन लागलं, वय झालं, की आतल्या आत वायू धरतो आणि फुगतो. दुसरा गोल सेलचा. टॉर्चच्या सेलसारखाच, थोडा मोठा, पोलादी डब्यात बंद. जड, खिसा ओढतो, पण दणकट. आत कोंडलंच तर फुगून न दाखवता डोक्यावरच्या झडपेतून सोडून देतो. तिसरा लोह-फॉस्फेटचा. थंड डोक्याचा, वर्षानुवर्षं चालणारा, फक्त तेवढीच शक्ती साठवायला जागा आणि वजन दोन्ही जास्त खाणारा. मी विचारलं, यांतला चांगला कोणता? तर म्हणाला, "साहेब, चांगला-वाईट नसतो. बनवणाऱ्यानं नीट बनवला आणि वापरणाऱ्यानं नीट वापरला की तिन्ही चांगले. पिशवीवालाही चांगला टिकतो हो, तुम्ही त्याला उन्हात बसवलात." (उन्हाचं मीच त्याला सांगितलं होतं.)

बाबा आतापर्यंत त्याच्या मागची पाटी वाचत होते. ते एकदम म्हणाले, "गोल काय म्हणालात?" "सेल, आजोबा. हा बघा." असं म्हणून त्यानं खणातून एक सुटा सेल काढून बाबांच्या तळहातावर ठेवला. "असे एकाला एक जोडून बॅटऱ्या बनवतात. सायकलीच्या, दिव्यांच्या. जोखमीचं काम आहे, सगळ्यांना जमत नाही. आता तर लोकांनी सेलची दुकानंच टाकलीत." बाबा त्या सेलकडे पाहत राहिले. "सेलचं दुकान," ते म्हणाले. "हो, सेलचं दुकान." मग बाबांनी तो सेल परत केला, काही नको म्हणाले आणि पायऱ्या उतरले. मी मागोमाग. अर्ध्या रस्त्यात ते थांबले. तिथे एकही पाटी नव्हती, म्हणून मी घाबरलो. म्हणाले, "मी त्याला 'सवलतीची विक्री' लिहायला सांगितलं."

मला काही उलगडेना. घरी येऊन त्यांनी फोनवरचा तुमचा एक जुना संदेश दाखवला तेव्हा ट्यूब पेटली. तुम्ही लिहिलं होतं, की बाबा, नोकरी सोडली, 'स्वतच सेलच दुकान' टाकतोय, पुष्कळ दिवस मनात होतं, तुम्हांला सांगायचा धीर होत नव्हता, वगैरे, असं फोनचा पडदा संपेपर्यंत. त्याखाली बाबांचं उत्तर: 'स्वतःचे' यात विसर्ग हवा, 'सेल' हा परभाषेतला शब्द टाळून 'सवलतीची विक्री' लिहावे, वाक्ये लहान करावीत. तुम्हांला वाटलं बाबा टोमणा मारतात. कुणालाही वाटलं असतं. पण ते बिचारे काय समजून चालले होते, की मुलानं चांगली नोकरी सोडून बारा महिने सेल चालणारं, पडेल भावात कपडे विकणारं दुकान काढलं.

आणि आम्हांला याचा पत्ताच नाही. का नाही, ते ऐका. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "चिरंजीव सेलमध्ये आहेत." आम्ही मान डोलवायचो, बरोबरच आहे. एकदा जेवताना ताईला म्हणाले, "हा सेल असा किती दिवस टिकणार?" ती म्हणाली, "चांगल्या मालाचा असेल तर वर्षानुवर्षं टिकतो, बाबा." ते म्हणाले, "मग एक दिवस सगळं संपूनच जायचं." ती म्हणाली, "संपला की पुन्हा भरता येतो." आणि ते उठून गेले. आम्हांला वाटलं, किती आस्थेनं चौकशी करतात. 'ध'चा 'मा' करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागतं. इथे तर एक अक्षरही इकडचं तिकडे न होता एवढे महिने वाया गेले.

परवा बाबा मला म्हणाले, छापखान्यात एखादं वाक्य आपण चुकीनं तांबड्या शाईनं कापलं आणि मग कळलं की ते बरोबरच होतं, तर ते पुन्हा लिहीत नाहीत. त्याच्याखाली टिंबं देतात, ओळीनं. म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याला कळतं की कापलेलं विसरा, हे होतं तसं राहू द्या. मी म्हटलं, सोपं आहे. ते म्हणाले, "कागदावर सोपं आहे." मग वर्तमानपत्र उघडून चुका काढत बसले.

असो. बाकी विशेष काही नाही. गॅलरीतल्या कुंडीत ताईनं नवं रोप लावलंय. हवा बरी आहे. बाबांना तुमची आठवण येते. पाणी वेळेवर येतं. पत्र लांबलं, आणि वाक्यंही लांब झाली, त्याबद्दल इथे कुणी ना कुणी बोलेलच.

तुमचा,
थोरल्या ताईचा नवरा

ता. क. विनंती विशेष म्हटलं होतं ती ही. पॉवर बँक अजून घेतलेली नाही. बाबा म्हणतात, घ्यायची तर सेलच्या दुकानातूनच. तेव्हा तुम्ही स्वतःच्या हातानं एक बनवा. गोल की चपटी हे तुम्ही ठरवा. बाबांचा कल गोलाकडे दिसतो, ताईचं म्हणणं की घरात फुगणारे पुरेसे आहेत. कुरिअरनं मात्र पाठवू नका. सेल म्हटलं की ते लोक फार कटकट करतात, हे तुम्हांलाच जास्त माहीत. म्हणजे घेऊन यावंच लागेल, माझा इलाज नाही.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झाल्यावर काही वेगळंच निघालं, ते न सांगणं म्हणजे मापात पाप. बाबांच्या फोनला पॉवर बँकेची गरजच नाही. बाबा दाढी करत असताना तो खिडकीत पडला होता आणि पडदा लख्ख उजळलेला. मी बंद करायला गेलो तर तो मुळी बंद न होण्यावरच लावून ठेवलेला. दिवसभर तसाच चालू राहिला तर बॅटरी मान टाकणार नाही तर काय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं मी सेल तोलत बसलो. पडद्यावर तुझं नाव उघडं होतं. मी बाबांकडे पाहिलं. गालाला साबण तसाच, आणि ते म्हणाले, "त्याच्या नावाखाली मधूनच 'टायपिंग' असं येतं. मग जातं. परत येतं, परत जातं. खाडाखोड चालली आहे त्याची. खाडाखोड करणाऱ्याला घाई करू नये." औषधाच्या दुकानाबाहेर त्या दिवशी कसली घाई होती ते मला आता कळलं. फोन मेलेला असताना तू पाठवून मोकळा झालास तर? अरे, पुसत जाऊ नकोस. जे काय लिहितोस ते एकदा पाठव, विसर्ग राहिला तर राहू दे. त्यांना तेवढंच काम मिळेल.

ता. क. तिसरा. हे पत्र टेबलावर उघडं ठेवून मी आंघोळीला गेलो, तेवढ्यात व्हायचं ते झालं. बाबांनी सगळं तपासलंय. माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत, 'मापात पाप'च्या शेजारी समासात 'उत्तम' असं लिहिलंय, आणि 'म्हातारा' कुठेही बदललेला नाही. दुसऱ्या ता. क.वर एकही खूण नाही. वाचला नाही असं समजू नकोस, तिथे कागदाला साबणाचं बोट लागलंय. नवी प्रत करायला मला वेळ नाही, म्हणून आहे तेच पाठवतोय. मात्र शेवटच्या परिच्छेदात, हवा बरी आहे नि पाणी वेळेवर येतं याच्या मध्ये, माझं एक वाक्य तांबड्या शाईनं कापलेलं दिसेल. आधी तेच पाहशील आणि पुन्हा रुसशील, म्हणून सांगतो. पत्र उजेडाकडे धर आणि त्या वाक्याच्या खाली बघ. टिंबं आहेत, ओळीनं, शेवटपर्यंत.